प्रॉडक्शन, कन्सल्टिंग की शिकवणं? पुण्यात आठ-दहा वर्षं झालेल्यांसाठी

हिंजवडी-खराडीतल्या आयटी कंपन्यांत सॉफ्टवेअरच्या कामात आठ-दहा वर्षं काढली की हा प्रश्न येतोच, प्रॉडक्शनमध्ये (म्हणजे लोक वापरतात ती लाइव्ह सिस्टिम सांभाळण्यात) राहायचं, कन्सल्टिंगला जायचं की शिकवायचं. माझं मत आधीच सांगतो, प्रॉडक्शनमधला हात सुटू देऊ नका, बाकीचं दोन्ही त्याच्याच जिवावर चालतं.

प्रॉडक्शनमध्ये ऑन-कॉल आहे, रात्री दोनला फोन वाजतो, घरचे वैतागतात, सगळं मान्य. पण आपण घेतलेला निर्णय नंतर अंगावर कसा येतो ते इथेच कळतं. साधं बघा, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये चालू टेबलवर इंडेक्स (डेटा पटकन शोधायची सूची) टाकायचाय आणि कन्करंटली हा शब्द न लिहिता कमांड मारली, तर इंडेक्स बनेपर्यंत त्या टेबलवरचे राइट्स, म्हणजे नव्या नोंदी आणि बदल, थांबतात, टेस्टच्या चिमूटभर डेटावर हे कुणाच्या लक्षातही येत नाही आणि लाइव्हला कोट्यवधी रो (ओळी) असल्या की ऑर्डरी अडकून सपोर्टचे फोन सुरू. हे बघितलेला माणूस पुढे प्रत्येक मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) नीट वाचतो.

कन्सल्टिंगचा रेट भारी वाटतो, पण इथला क्लायंट फीमधून साधारण 10 टक्के टीडीएस कापतो (रिटर्नमध्ये धरला जातो, पण तोवर अडकला ना), उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी, पीएफ नाही, मेडिक्लेम स्वतःचा, बिलाच्या मागे लागायचं ते वेगळंच. त्यापेक्षा मला खटकतं ते हे की डिझाइन देऊन आपण निघतो आणि ते टिकलं की नाही कळतच नाही. म्हणून गो-लाइव्हनंतरचे, म्हणजे सिस्टिम प्रत्यक्ष सुरू झाल्यावरचे, दोन-तीन महिने करारातच घाला.

शिकवण्यात पैसा सगळ्यात कमी, समाधान खूप. इंजिनिअरिंग कॉलेजात पूर्णवेळ असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर एमई किंवा एमटेक लागतंच. 15 वर्षं अनुभव असेल तर यूजीसीने 2022 मध्ये आणलेलं प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस बघा, त्याला पीएचडी लागत नाही. नाहीतर तासिका तत्त्वावर, किंवा सीडॅक या सरकारी संगणक संस्थेच्या सहा महिन्यांच्या कोर्ससारख्या ठिकाणी गेस्ट लेक्चर. पोरांना दोन टर्मिनल उघडायला लावा, एकात ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के होणारे बदल) सुरू करून एक रो अपडेट करा, कमिट (बदल पक्का) करू नका, दुसऱ्यातून तीच रो अपडेट करायला सांगा. कर्सर नुसता लुकलुकत बसतो आणि "सर, हँग झालं" म्हणून गलका होतो, मग लॉक, म्हणजे पहिल्याचं संपेपर्यंत दुसऱ्याला थांबवणारं कुलूप, समजवायला पाच मिनिटं पुरतात.

घराचा ईएमआय चालू असेल तर नोकरी ठेवून शनिवार-रविवार शिकवा, सहा महिन्यांचा खर्च बाजूला आणि एक पक्का क्लायंट हातात असल्याशिवाय राजीनामा नको. आणि लेक्चर घ्यायच्या आधी अपॉइंटमेंट लेटरमधला बाहेरच्या कामाचा क्लॉज वाचा, एचआरची परवानगी मेलवर घ्या.