स्लिम की गेमिंग? स्केचअप-फोटोशॉपवाल्यांनी लॅपटॉप घेण्याआधी

लाख-सव्वा लाखात डिझाइनसाठी लॅपटॉप बघायला निघालं की फिरून फिरून दोनच प्रकार हाती उरतात. एक स्लिम, ‘क्रिएटर’ म्हणून विकला जाणारा, आणि दुसरा जाडजूड गेमिंगवाला. दोन्हींत एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड, दोन्हींत ८ जीबी व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. मी गेमिंगवाला घेतला. भाचा इथंच बडोद्यात फाइन आर्ट्सला आहे, त्याच्याकडे स्लिम. माझ्या इंटिरियरच्या कामात तो हात लावतो, त्यामुळे त्याच फाइल्स दोन्हीकडे उघडतात.

रंगांत स्लिम सरळ सरस, त्यात वाद नाही. स्वस्तातल्या गेमिंग लॅपटॉपचे पॅनेल पुष्कळदा एसआरजीबीतले (स्क्रीनसाठी ठरलेल्या प्रमाण रंगसंचातले) जेमतेम साठ-पासष्ट टक्के रंग दाखवतात. माझ्या स्क्रीनवर चांगला लालभडक लॅमिनेट विटकरी दिसतो. क्लायंटला रंग दाखवायचा असेल तर मी भाच्याचाच लॅपटॉप मागून नेतो. वजनाचं तर बोलायलाच नको; माझा अ‍ॅडॉप्टरच खांदा दुखवतो.

मग तरी गेमिंग का? तर एका कटकटीपायी.

बहुतेक लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात: एक प्रोसेसरमधलं, एक वेगळं कार्ड. साधं काम पहिल्यावर, जड काम दुसऱ्यावर, म्हणजे बॅटरी वाचते. एनव्हिडियानं ही सोय २०१० मध्ये ऑप्टिमस नावानं आणली आणि कल्पना चांगलीच आहे. पण जड काम कुठलं, हे मशीन ठरवतं. भाच्याकडे स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एका स्वयंपाकघराचं मॉडेल फिरवत होतो. प्लायच्या टेक्श्चरचे शटर, वर लॉफ्ट, फार काही नाही. माउस पुढे, चित्र मागे. ‘मामा, हँग झालं.’ टास्क मॅनेजर उघडला तर जीपीयू ० (प्रोसेसरमधलं ग्राफिक्स) नव्वद टक्क्यांच्या पुढे आणि जीपीयू १ (वेगळं कार्ड) चक्क शून्यावर. ज्याचे पैसे मोजले ते कार्ड नुसतं बसून.

उपाय आहे. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ग्राफिक्समध्ये जाऊन त्या सॉफ्टवेअरला ‘हाय परफॉर्मन्स’ लावायचं. लगेच फरक पडतो. पण ही नोंद त्या एका एक्सई फाइलपुरती, म्हणजे सॉफ्टवेअर सुरू करणाऱ्या फाइलपुरती असते. स्केचअपची नवी आवृत्ती नव्या फोल्डरात बसते, की पुन्हा पहिल्यापासून. आणि हे लक्षात येतं ते क्लायंट शेजारी खुर्ची ओढून बसल्यावर.

माझ्या मशीनला मक्स स्विच आहे, म्हणजे स्क्रीन कुठल्या ग्राफिक्सला जोडायची ते आपण ठरवायची सोय. स्क्रीन थेट मोठ्या कार्डाला जोडली, एकदा रीस्टार्ट केलं, विषय संपला. बॅटरी त्यामुळे दीड तासातच मान टाकते, हे कबूल. पण बॅटरीवर कार्डाला पुरेसे वॉट मिळतच नाहीत, तेव्हा प्लग नसलेल्या साइटवर दोन्ही लॅपटॉप सारखेच रडतात.

वॉटवरून आठवलं. ४०६० हे नाव एकच असलं तरी लॅपटॉपची कंपनी त्याला ३५ पासून ११५ वॉटपर्यंत कितीही वीज देऊ शकते. स्लिममध्ये सहसा हात आखडता असतो. त्यात बडोद्याचा मे महिना, पारा बेचाळीसच्या वर. एनस्केप (मॉडेल खऱ्यासारखं दाखवणारं रेंडरिंगचं सॉफ्टवेअर) चालू केलं की पातळ बॉडी तापते आणि थोड्या वेळात फ्रेम अडखळायला लागतात. माझा पंखा मिक्सरसारखा ओरडतो, पण काम अडत नाही. मोजमाप केलेलं नाही, हाताला जाणवतं ते सांगतोय.

तुमचं काम मुख्यतः कोरलड्रॉमध्ये फ्लेक्स आणि लोगो असेल तर ही सगळी चर्चा सोडा. तिथं ड्रॉप शॅडो किंवा मोठ्या बिटमॅपला अडकतं ते बहुधा प्रोसेसर आणि रॅमपायी. स्लिम घ्या, १६ जीबी रॅम बघून घ्या, डोळ्यांनाही बरं. इलस्ट्रेटरवाल्यांनाही मी कदाचित हेच सांगेन.

थ्रीडी करणाऱ्यांना मात्र माझा कल कळला असेल. रंगांसाठी बाहेरचा मॉनिटर नंतर जोडता येतो, मक्स स्विच नंतर बसवता येत नाही. पुष्कळ लॅपटॉपमध्ये एचडीएमआय थेट मोठ्या कार्डावरच असतो, तो आणखी एक फायदा. मक्स असलेले स्लिमही मिळतात, किंमत जरा चढी असते. दुकानात एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडायला सांगा. सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ लिहिलेलं असतं. तिथं शंभराच्या आसपास आकडा दिसला तर तो स्लिम खुशाल घ्या.