रँगल: हुज्जत घालणं की गुरं वळणं?

इंग्रजी 'रँगल' (wrangle) या शब्दाचे दोन अर्थ आहेत. ऐरोलीच्या आयटी कंपन्यांत 'डेटा रँगलिंग' रोज कानावर पडतं. 'ठाणे', 'थाना', 'ठाणे प.' अशा विस्कळीत नोंदी एकसारख्या करून माहिती ताळ्यावर आणायची. हा अर्थ अमेरिकेतल्या घोडे-गुरं वळणाऱ्यांकडून आला.

जुना अर्थ हुज्जतीचा, सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून तासभर चालते तसली. केंब्रिजला गणितात पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर, कारण पूर्वी परीक्षाच वादविवादाने होई. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली सीनियर रँग्लर, म्हणजे त्यांतले पहिले, झाले, म्हणून ते आपले 'रँग्लर परांजपे'. त्यात घोड्यांचा काही संबंध नाही, हे मुलांना आवर्जून सांगावं.

शिकताना मी जुना अर्थच आधी घेईन, बातम्यांत तोच जास्त भेटतो. शब्दापुढे 'ओव्हर' दिसलं की वाद समजा. गुरं, माणसं किंवा माहिती थेट कर्म म्हणून आली की वळणं.