सूडाच्या विचाराने घेरलेल्या वाचकासाठी समास-संदर्भांचे पवित्र शास्त्र

अन्याय झालेल्या माणसाच्या हाती "सूड घेऊ नका" एवढेच वचन छापलेले कार्ड देण्यापेक्षा समासात, म्हणजे पानाच्या कडेला, संबंधित वचनांचे संदर्भ असलेली पवित्र शास्त्राची आवृत्ती दिलेली बरी. विकत घेण्याआधी दुकानातच ते वचन, म्हणजे पौलाच्या रोमकरांस पत्रातले 12:19, उघडून पाहा. शेजारी अनुवाद (हे जुन्या करारातले पुस्तक) 32:35 आणि इब्री 10:30 हवेतच. पुढच्या वचनाला नीतिसूत्रे 25:21-22 हवे, कारण शत्रूला जेवू घालण्याची आज्ञा पौलाने तिथून घेतली. असे केल्याने शत्रूच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास होईल, असे तिथे म्हटले आहे; त्या निखाऱ्यांचा एकच अर्थ ठासून सांगणारी टीप मात्र जपून वाचावी. अभ्यासकांचे त्यावर एकमत नाही.

बहुतेक आवृत्त्यांची खरी परीक्षा 12 आणि 13 या अध्यायांच्या सीमेवर होते. अध्यायांची ही विभागणी 13व्या शतकातली, मूळ पत्रात ती नव्हती. पौल आधी म्हणतो, सूड देवावर सोपवा. लगेच 13:4 मध्ये अपराध्याला शिक्षा करणाऱ्या अधिकाऱ्याला तो देवाचा सेवक म्हणतो. म्हणजे पोलिसांत तक्रार करणे, न्यायालयात जाणे हा सूड नव्हे. पौलाने स्वतः कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली (प्रेषितांची कृत्ये 25:11). हा दुवा समासात नसेल तर पेन्सिलीने लिहून घ्या. तो तुटला की मारहाण सोसणाऱ्यालाच 12:19 ऐकवून गप्प बसवले जाते. या वचनाचा याहून वाईट वापर नसेल.

सूड टाळणारा म्हणून दावीदाचे उदाहरण देतात; त्यासाठी 1 शमुवेल 24 ते 26 सलग वाचावे. विषयसूच्या बहुधा 24 आणि 26 देतात: गुहेत जिवावर उठलेल्या शौल राजाच्या झग्याचा काठ कापला पण त्याला मारले नाही, नंतर भाला आणि पाण्याची सुरई उचलली पण हात उगारला नाही. मधला 25 वगळला तर दावीद उगीच संत वाटतो. तिथे नाबाल नावाच्या धनवानाने केलेल्या अपमानाने पेटून तो 400 माणसे घेऊन निघतो. नाबालाची बायको अबीगईल अन्न घेऊन आडवी येते, हातून रक्तपात होऊ देऊ नका म्हणते, तेव्हा कुठे तो थांबतो.

स्तोत्रे 94 आणि 109 यांवरच्या टिपा तपासा. शापाच्या ओळींबद्दल संपादक नुसता ओशाळत असेल, तर ती आवृत्ती या कामाची नाही. संताप देवापुढे जसाच्या तसा मांडणे हाच तर न्याय त्याच्यावर सोपवण्याचा मार्ग. सोबत लूक 18:1-8 मोठ्याने वाचा. तिथली विधवा क्षमेचे नावही काढत नाही. ती न्याय मागत राहते.

कागद पातळ असतो, शाईचे पेन मागे उमटते. ॲपमध्ये संदर्भ झटकन उघडतो खरा, पण बहुधा एकटेच वचन दिसते. तिथे संपूर्ण अध्याय उघडायचा पर्याय वापरा.