मॉस्को की कीव्ह? ऑगस्ट १९४१ मधला पेच

२२ जून १९४१ ला जर्मनीने सोव्हिएत संघावर चढाई केली. ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या वाटेवरच्या स्मोलेन्स्क शहराच्या पुढे प्रश्न उभा राहिला: सरळ मॉस्को गाठायचं, की दक्षिणेला वळून कीव्ह घ्यायचं?

जर्मन भूदलाचे प्रमुख नियोजक हाल्डर आणि रणगाडा दलाचे सेनापती गुडेरियन मॉस्कोच्या बाजूचे. राजधानी, रेल्वेचं जाळं, रस्तेही अजून कोरडे. पण रसदीचं काय? सोव्हिएत रुळांमधलं अंतर जर्मन रुळांपेक्षा जवळपास ९ सेंटिमीटर जास्त. रूळ उखडून आत सरकवल्याशिवाय जर्मन गाडी पुढे जात नव्हती. शिवाय कीव्हभोवतीचं अख्खं सोव्हिएत सैन्य उजव्या बगलेला तसंच राहिलं असतं.

हिटलरने कीव्ह निवडलं. सप्टेंबरमध्ये वेढा पडला. जर्मन मोजणीनुसार साडेसहा लाखांहून अधिक कैदी. त्यातले कितीतरी उघड्यावरच्या छावण्यांत भुकेने मेले. नकाशावरचे बाण बघताना मला हे विसरवत नाही. मॉस्कोची मोहीम मात्र २ ऑक्टोबरला सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत चिखलात रुतली.

‘आधी मॉस्को घेतलं असतं तर जिंकलो असतो’ हे जर्मन सेनापतींनी युद्धानंतर लावून धरलं. मला ते पटत नाही. कीव्हचा पर्यायच कमी धोक्याचा होता. १८१२ मध्ये मॉस्को नेपोलियनच्या हाती पडलंच होतं, तरी रशिया शरण आला नाही.