टाटा पंच : एसटीच्या सीटवरून खाली उतरलेल्या माणसाचा अभिप्राय

एकतीस वर्षं एसटी चालवली. कणकवली–देवगड, कणकवली–कोल्हापूर, मधली काही वर्षं मुंबईची रातराणी. निवृत्त झालो तेव्हा दारात स्कूटर तेवढी होती. दीड वर्षापूर्वी २०२२ सालची टाटा पंच घेतली. पेट्रोल, हाताचे गिअर, पाच लाख साठ हजाराला. आतापर्यंत १४ हजार किलोमीटर फिरलो, म्हणून हे लिहायला बसलो.

ॲव्हरेजचं विचाराल तर हायवेला सतरा-साडेसतरा, घाटात तेरा. जमिनीपासून १८७ मिलिमीटर उंच आहे, त्यामुळे आमच्या वाडीतल्या चिऱ्याच्या उंचवट्याला पोट घासत नाही. दोन गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, मधून आरसे न मिटता जाते. दार पुरतं काटकोनात उघडतं, गुडघे धरलेल्या आयेला त्याचा मोठा आधार. डिकी ३६६ लिटरची, पाच डझनाच्या आंब्याच्या तीन पेट्या आरामात. हे झालं. आता ज्यासाठी ही गाडी घेतली त्या सुरक्षिततेवर बोलतो.

जुन्या गाड्यांच्या दुकानातला पोरगा मला म्हणाला, "काका, फाइव्ह स्टार आहे. समोरून ट्रक आला तरी टेन्शन नाय." मी त्याच्याकडे बघतच राहिलो. मी त्या ट्रकच्याच उंचीवर बसून आयुष्य काढलेला माणूस.

२००७ च्या जुलैमधली गोष्ट. तेव्हा हा हायवे १७ नंबरचा होता आणि दोन पदरी. कासार्ड्याच्या अलीकडे, दुपारी अडीचच्या सुमाराला, पाऊस असा की वायपरचा काही उपयोग नाही. समोरून एक लहान गाडी वळणावर घसरली आणि फिरत फिरत माझ्या बाजूला आली. मी ब्रेक दाबला. उभे असलेले दोघे-तिघे पुढे झुकले, कंडक्टरनं वरचा दांडा धरला. मग धडक बसली. ती आतल्या कोणाला कळलीच नाही. कळला तो ब्रेकचा हिसका. शेवटच्या सीटवरच्या एक बाई विचारत होत्या, "गाडी कशाक थांबयलास? जनावर इला काय आडवा?"

मी खाली उतरलो. एसटीच्या बंपरला पोचा आणि एक दिवा फुटलेला. त्या गाडीचं बोनेट मात्र आमच्या बंपरच्या खाली गेलं होतं आणि बंपर थेट काचेच्या खालच्या कडेला टेकला होता. स्टेअरिंग सीटपर्यंत आलेलं. चालवणारा मुलगा वाचला, दोन्ही पाय मोडले. त्याला बाहेर काढायला पहार लागली. दार ओढताना मला जाणवलं ते एवढंच, की पत्रा वाकतोय आणि त्याच्या आत धरायला काहीच नाही.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. ही गोष्ट त्यानं ऐकली आणि लाइटबिलाच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला. भरलेली एसटी १५ टन, ती गाडी माणसांसकट ८०० किलो, दोघांचा वेग ताशी ४० किलोमीटर धरला. टक्कर होऊन दोन्ही एकमेकांत अडकल्या तर एसटीचा वेग ४० वरून ३६ वर येतो. गाडी पुढे ४० नं जात होती, ती एका क्षणात मागे ३६ नं जायला लागते. म्हणजे एसटीला ४ चा धक्का, गाडीला ७६ चा. मागच्या सीटवरच्या बाईंना जनावर का आठवलं ते तेव्हा समजलं.

आता ताऱ्यांकडे येऊ. पंचला २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपनं, म्हणजे गाड्या आपटून तपासणाऱ्या संस्थेनं, मोठ्या माणसांसाठी पाच तारे दिले, १७ पैकी १६.४५ गुण. लहान मुलांसाठी चार. गाडी ताशी ६४ किलोमीटरनं, पुढच्या भागाचा ४० टक्के हिस्सा आपटेल अशी, एका अडथळ्यावर नेऊन धडकवतात. अडथळ्याला पुढून ॲल्युमिनियमची मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, ती चेपते. ही चाचणी साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी समोरासमोर टक्कर व्हावी तशी आहे. पोळ्याच्या मागे १५ टन एसटी नसते. त्यामुळे लहान गाडीचे पाच तारे आणि दोन टनांच्या गाडीचे पाच तारे एकाच तराजूत घालता येत नाहीत. भाच्यानं तोही हिशोब केला. एक टनाची पंच आणि दोन टनांची मोठी गाडी, दोघी ५० नं समोरासमोर आल्या, तर पंचला ६७ चा धक्का आणि मोठीला ३३ चा. बरोब्बर दुप्पट.

अमेरिकेत २००९ मध्ये विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेनं हे प्रत्यक्ष करून दाखवलं होतं. स्वतंत्र चाचणीत चांगल्या ठरलेल्या तीन लहान गाड्या त्याच कंपन्यांच्या मधल्या आकाराच्या गाड्यांवर नेऊन आदळल्या, दोन्हीकडून ताशी ६४. तिन्ही लहान गाड्यांना 'वाईट' शेरा मिळाला. त्यातली स्मार्ट फॉरटू तर हवेत उडाली आणि सव्वा गिरकी घेऊन खाली आली. ती गिरकी मी मोबाइलवर चार वेळा पाहिली. बायको म्हणाली, झोपा आता.

मग तारे बघायचेच कशाला? बघायचे, कारण आमच्याकडे सगळेच ट्रकवर जाऊन आपटत नाहीत. पावसात गाडी घसरते ती मोरीच्या कठड्यावर, आंब्याच्या बुंध्यावर नाहीतर गडग्यावर. बुंधा काही मागे सरकत नाही, तिथे तुमचं वजन तुमच्या मदतीला येत नाही. तिथे एकच विचारायचं : पुढचा भाग किती चेपला आणि माणसं बसतात तो पिंजरा उभा राहिला की नाही. पुढचा भाग चेपलाच पाहिजे, तो धक्का खातो. "जुन्या गाड्या बघा, पत्रा कसा जाड, काही होत नव्हतं" असं म्हणणारे आमच्या नाक्यावर खूप आहेत. गाडीला काही होत नव्हतं हे खरं. पत्र्यानं न खाल्लेला धक्का आतल्या बरगड्यांनी खाल्ला. पंचचा पिंजरा त्या चाचणीत स्थिर राहिला होता, माझ्या लेखी पाच ताऱ्यांपेक्षा हा एक शब्द मोठा आहे. नॅनो आणि अल्टो ८०० या दोघींना २०१४ मध्ये, एस-प्रेसोला २०२० मध्ये एकही तारा मिळाला नव्हता. वॅगन-आरला २०२३ मध्ये एक. पण आकारानं फसू नका. २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या जुन्या स्कॉर्पिओलाही शून्यच मिळालं होतं. मोठी गाडी दुसऱ्याला चेपते, तेवढ्यानं ती आतल्याला सांभाळतेच असं नाही.

ॲक्सेसरीवाल्याकडे सीट कव्हर घ्यायला गेलो तर तो पुढे लोखंडी गार्ड बसवायच्या मागे लागला. "काका, लहान गाडीला मजबुती येईल." केंद्र सरकारनं २०१७ च्या डिसेंबरात राज्यांना पत्र पाठवून हे गार्ड बंद करायला सांगितलं आहे. चेपायचा भाग त्यानं ताठ होतो, एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडतं आणि समोर पायी चालणारा असेल तर त्याचे हाल. त्याच्याकडे पट्ट्याच्या खाचेत अडकवायची क्लिपही होती, टूं टूं वाजणं बंद करणारी. आधी वाटलं भांडावं. मग सीट कव्हर पण घेतलं नाही.

आमच्या घरात पट्ट्याचंच मोठं महाभारत. नातवासाठी मुलांची सीट आणली, मागे ती गाडीलाच अडकवायचे आयसोफिक्सचे हूक आहेत, खट्कन बसली, तिथे कुरबूर नाही. कुरबूर आयेची. वय ८१.

"माका नको तो पट्टो. गळ्याक काचता."

"आये, लावूकच व्हयो."

"एसटीत खय होते पट्टे? तू येवढी वर्सा लोकांका विनापट्ट्याचोच नेलंस मां?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते वजनाचं उत्तर, तिला कुठे सांगू. मग उद्योगपती सायरस मिस्त्रींची बातमी सांगितली. सप्टेंबर २०२२, पालघरकडे चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर. मर्सिडीज गाडी, केवढी भारी. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं, आणि गेले ते मागचे दोघेच. पुढचे दोघे वाचले. आये थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "त्येंका खय आयेन सांगलल्यान?" पण पट्टा लावला.

गाडी चालवण्यात मी काय बदललं तेही सांगतो, कारण एसटीवाला लहान गाडीत आला की सुरुवातीला माजच करतो. मी आता समोरच्याचा बंपर कुठल्या उंचीवर आहे ते आधी बघतो. तो माझ्या बोनेटच्या वर असेल तर माझा चेपायचा भाग त्याच्या खालून निघून जाणार, मग पोलाद कितीही चांगलं असो. चिऱ्याच्या ट्रकच्या मागे खाली आडवी लोखंडी पट्टी असते, ती लहान गाडी आत घुसू नये म्हणूनच असते. नांदगाव ते कणकवली येताना बघा, किती ट्रकांची ती वाकून वर गेलेली आहे. रात्री हायवेच्या कडेला दिवे न लावता उभ्या डंपरची मला घाटापेक्षा जास्त भीती वाटते. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवतो, मधे कोणी घुसला तर घुसू दे. सामान डिकीतही सुटं ठेवत नाही.

हे शेवटचं मी शिकलो फोंडा घाटात. मे महिना, कोल्हापूरला बहिणीकडे चाललो होतो. बायको पुढे, आये मागे, डिकीत दोन फणस आणि आंबे. दाजीपूरच्या अलीकडे पहाटे साडेपाचला धुकं होतं. वळण संपलं आणि समोर काळी भिंत. गवा. डोळे दिसले नाहीत, आधी पांढरे मोजे घातल्यासारखे चार पाय दिसले. वेग ३५ असेल. ब्रेक पायाखाली कुरकुरला, एबीएस, चाकं जाम होऊ न देणारी सोय. गाडी सरळ रेषेत थांबली. मधे दोन हात अंतर.

मोठा नर गवा टनभर भरतो, म्हणजे माझ्या गाडीइतका. आणि सगळं वजन वर, पायांवर उचललेलं. बोनेट त्याच्या पायांना लागलं असतं आणि बाकीचं ते धूड काचेतून आत. पुन्हा तीच कासार्ड्याची उंची, फक्त या वेळी खाली मी.

त्याच वेळी मागून धाडकन आवाज आला. डिकीतला मोठा फणस सुटून आयेच्या सीटच्या पाठीवर येऊन आपटला होता. पाठ जागच्या जागी राहिली. पट्टे तिघांचेही ताणून घट्ट झाले होते.

गव्यानं एकदा आमच्याकडे मान वळवली, फुरफुरला आणि सावकाश खालच्या अंगाला कारवीत उतरला. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मी गिअर न्यूट्रल केला, हात थरथरत होते म्हणून तसाच बसलो.

मागून आयेचा आवाज आला, "रे, ह्यो पट्टो आता सोडतलो कधी माका?"