पहिल्या ग्रुप राईडला पन्हाळा की नरसोबाची वाडी? कोल्हापूरच्या आसपासच्या रस्त्यांची तुलना

नवीन सायकल घेतली की महिनाभर माणूस रंकाळ्याला चकरा मारतो, मग तिथं कुणीतरी भेटतं आणि म्हणतं रविवारी ग्रुपबरोबर या, आणि खरा प्रश्न तिथनं सुरू होतो, कुठल्या राईडला जायचं. कोल्हापुरात ग्रुप भरपूर आहेत, पण रस्ते फिरून फिरून तेच. एकतर वर पन्हाळा नाहीतर ज्योतिबा, एकतर पूर्वेला सपाटीनं नरसोबाची वाडी, आणि पाय तयार झाले की गगनबावडा किंवा राधानगरी. नवीन माणसाला बहुतेक सगळे एकच सल्ला देतात की आधी सपाटीवर वाडीला जा, घाट नंतर बघू. मला हा सल्ला उलटा वाटतो, आणि का वाटतो तेच जरा सविस्तर सांगतो.

आधी नुसते आकडे बघू. पन्हाळा शहरातनं वीस-बावीस किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन चाळीस-पंचेचाळीस. शिवाजी पुलावरनं आंबेवाडी, केर्लीपर्यंत तसं सरळच, मग वाघबीळकडं चढ चालू होतो आणि तिथनं रत्नागिरी रोड सोडून गडाकडं वळलं की खरा घाट. एकूण उंची साधारण चारशे मीटर चढायची. वाडी म्हणजे तावडे हॉटेल, शिरोली, हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ करत जाऊन-येऊन नव्वद ते शंभर, आणि चढ जवळजवळ नाहीच. कागदावर बघितलं तर वाडी लांब पण सोपी आणि पन्हाळा जवळ पण अवघड. एकट्यानं जाणार असाल तर हे बरोबर आहे. ग्रुपमधे गेलं की गणित बदलतं.

सपाटीवर ग्रुप पंचवीस-अठ्ठावीसनं चालतो तेव्हा तुमची जास्त ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या मागं चिकटून राहिलात तर पाव हिस्सा तरी मेहनत वाचते, म्हणून सगळे एका ओळीत चालवतात. आता नवीन माणसाला पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर चालवायची भीती वाटते, आणि वाटायलाच पाहिजे, सवय नसताना एवढं जवळ जाऊ नयेच. मग तो दोन सायकलींचं अंतर ठेवतो, तिथं आडोसा फारसा मिळत नाही, दमतो, अंतर चार सायकलींचं होतं, आणि हेर्ले-चोकाकच्या आसपास कधीतरी ग्रुप ठिपक्याएवढा दिसायला लागतो. एकदा सुटला की एकट्यानं परत गाठणं जवळजवळ अशक्य, कारण ते दहाजण वारा वाटून घेतायत आणि तुम्ही एकटे खाताय. ग्रुप चांगला असला तर थांबतो, पण तासभर आपल्यामुळं सगळे थांबतायत ही भावना फार वाईट असते, पुढच्या रविवारी माणूस येतच नाही.

घाटात हे होत नाही. वाघबीळच्या पुढं बहुतेकजण आठ-दहाच्या स्पीडनं चढत असतात, तिथं वारा कापायचा प्रश्नच नाही, सगळं वजन आणि गिअरवर. कुणाच्या मागं चिकटून काही फायदा नाही त्यामुळं प्रत्येकजण आपापल्या दमानं चढतो, ग्रुप आपोआप विस्कटतो आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. पुढचे वर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी चहा पीत बसतात, मागचे येतील तसे येतात, वीस मिनिटं उशिरा आला तरी कोण विचारत नाही. दम लागला की उतरून थोडं चालायचं, लाज वाटायचं काय कारण नाही, चांगले चांगले चालतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, अर्ध्यात वाटलं की बास झालं तर सायकल वळवायची, घर उताराला आहे. वाडीत पोचून पाय गेले तर पन्नास किलोमीटर अजून शिल्लक असतात.

त्यात वारा. एप्रिलपासून पावसाळा संपेपर्यंत आपल्याकडं वारा पश्चिमेचा. सकाळी जाताना तो पाठीत असतो, म्हणून सगळ्यांना वाटतं काय भारी चालवतोय आपण, आणि दहा वाजता परत फिरलं की तोच वारा तोंडावर, वर ऊन, आणि हातकणंगले ते शिरोली काही केल्या संपत नाही. थंडीत हा त्रास बराच कमी, म्हणून वाडी करायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण मग ऊस आडवा येतो.

उसाबद्दल जरा सविस्तरच बोलायला पाहिजे. गळीत हंगाम चालू झाला की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर पहाटेपासून रस्त्यावर असतात. लांबनं बघताना ट्रॉली दिसते, पण ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही बाजूला हातभर वाढे आणि कांड्या लोंबत असतात त्या अंधारात अजिबात दिसत नाहीत आणि त्या बरोबर सायकलवाल्याच्या खांद्याच्या उंचीला येतात. मागं लाईट नसलेल्या ट्रॉल्या सर्रास. त्यात रस्त्यावर पडलेला ऊस, चाकाखाली चिरडून त्याचा चोथा झालेला असतो, त्यावर दव पडलं की रोड बाईकचं बारीक टायर सरळ घसरतं. हा प्रकार शिरोळ-जयसिंगपूर बाजूलाही आहे आणि गगनबावडा, राधानगरी रोडलाही, कारण कुडित्रे आणि भोगावतीचे कारखाने तिकडंच. पन्हाळा रोडला केर्लीच्या अलीकडं थोडा ऊस लागतो, पण घाटात चढल्यावर हा विषय संपतो. हंगामात ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना ओळ मोडायची, एकेकानं जायचं, आणि दोन्ही ट्रॉल्या आणि ट्रॅक्टरच्या पुढं नीट निघेपर्यंत डावीकडं वळायचं नाही. ओरडून सांगणारा माणूस ग्रुपमधे पाहिजे, "खड्डा", "ऊस", "मागनं गाडी", हे तीन शब्द जो ग्रुप जोरात ओरडतो तो चांगला ग्रुप समजा.

पन्हाळ्याच्या बाजूनं एवढं बोललो म्हणून त्याचा धोकाही सांगतो, तो उतारात आहे. चढताना कुणी पडत नाही, उतरताना पडतात. वळणावर खडी, वर येणाऱ्या टुरिस्टच्या गाड्या, आणि नवीन माणूस भीतीनं दोन्ही ब्रेक सतत दाबून धरतो त्यानं रिम ब्रेकच्या सायकलची रिम तापते आणि हात बधिर होतात. वळणाच्या आधी ब्रेक मारून स्पीड कमी करायचा, वळणात सोडून द्यायचा, थोडा पुढचा थोडा मागचा असा आलटून पालटून. आदल्या दिवशी ब्रेक पॅड बघायचे, खाचा झिजल्या असतील तर बदलायचे, दोन-तीनशे रुपयाचं काम आहे. उतारात रेस लावणारा ग्रुप असेल तर त्यांना पुढं जाऊ द्या. शिवाय वाघबीळपर्यंतचा रत्नागिरी रोड म्हणजे हायवेच, चौपदरीकरणाच्या कामामुळं कुठं माती, कुठं अचानक वळवलेला रस्ता, त्यामुळं मागचा लाल लाईट उजेड झाला तरी चालू ठेवायचा.

सायकल कुठली आहे यावर पण बरंच ठरतं. जाड टायरची एमटीबी घेतली असेल तर सपाटीवर तुम्ही हायब्रिड आणि रोड बाईकवाल्यांच्या मागं कायम घासत राहणार, पण घाटात त्याच एमटीबीचा पुढं एक मागं एक गिअर टाकला की ती निवांत चढते, उलट रोड बाईकवाल्याला तेवढा हलका गिअर नसतो आणि तो उभा राहून घाम गाळतो. म्हणजे साधी एमटीबी असलेल्यानं तर पन्हाळाच करावा. बिनगिअरची असेल तर दोन्ही नको, तुमच्यासाठी कळंबा-कात्यायनी आहे. शहरातनं निघून कळंबा तलावावरनं गारगोटी रोडनं कात्यायनीपर्यंत जाऊन परत यायचं, वीस-पंचवीस किलोमीटर होतात, थोडे चढउतार आहेत, झाडं आहेत, आणि आठच्या आत घरी येऊन ऑफिसला जाता येतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी जे ग्रुप निघतात ते बहुतेक ह्याच रस्त्याला जातात आणि मला तर नवीन माणसानं रविवारच्या पन्हाळ्याआधी पहिली एक-दोन राईड इथंच करावी असं वाटतं, ओळीत चालवायला शिकायला ही जागा उत्तम.

आता ज्योतिबा. चढ पन्हाळ्यासारखाच, अंतर किंचित कमी, मग लोक विचारतात पन्हाळाच का. कारण वार. रविवार हा देवाचा वार, आणि ग्रुप राईड पण रविवारीच. पहाटेपासून भाविकांच्या गाड्या, जीप, टेम्पो, वळणावर चढ चढताना मागं हॉर्न. चैत्र यात्रेच्या दिवसात तर विचारच नको. शनिवारी किंवा मधल्या वारी सुट्टी मिळाली तर ज्योतिबा जरूर करा, वरनं दिसणारा नजारा पन्हाळ्यापेक्षा कमी नाही, येता येता पोहाळ्याची लेणी पण बघून होतात. वाडीचंही तसंच, पौर्णिमेला आणि दत्ताच्या वारी गर्दी असते, कॅलेंडर बघून जायचं.

वाडीच्या बाजूनं पण बोलायला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. शंभर किलोमीटर करायची इच्छा प्रत्येक सायकलवाल्याला असते आणि आपल्याकडं पहिली शंभरी करायला वाडीइतका सरळ रस्ता दुसरा नाही. संगमावर पाय पाण्यात सोडून बसायचं, दर्शन घ्यायचं, बासुंदी नाहीतर कवठाची बर्फी खायची, त्यासाठी गेलेलं वसूल होतं. रस्त्यात हॉटेलं आहेत, पेट्रोल पंप आहेत, म्हणजे पाणी, टॉयलेट, पंक्चरवाला सगळं सापडतं, बायका-मुलींच्या ग्रुपला हे फार महत्त्वाचं असतं आणि पुरुष मंडळी रूट ठरवताना ते विसरतात. पन्हाळा रोडला पहाटे सहाला काही उघडं नसतं, झुणका-भाकरीवाले पण उशिरा लागतात. आणि सीटवर चार-पाच तास बसायची सवय फक्त लांब सपाट राईडनंच होते, पन्हाळा दहा वेळा केला तरी ती होत नाही. पुढं बीआरएम नावाची लांब पल्ल्याची राईड करायची असेल, म्हणजे 200 किलोमीटर साडेतेरा तासात, स्वतःची पंक्चर स्वतः काढत, हेल्मेट-रिफ्लेक्टर-लाईटसकट, तर वाडीच्या राईडनं जे शिकता ते तिथं लागतं. अजून पुढं जायचा दम असेल तर वाडीवरनं खिद्रापूर, कोपेश्वराचं मंदिर, बाराव्या शतकातलं शिलाहारांच्या काळचं कोरीव काम आणि वर गोल उघडं आकाश असलेला स्वर्गमंडप, पण तेवढ्यासाठी दिवस मोकळा ठेवा, घाईत बघायची ती जागा नाही.

गगनबावडा आणि राधानगरी पहिल्या सीझनला सोडाच. दोन्ही पंचावन्नच्या आसपास एका बाजूनं, निसर्ग बेफाम, पण मधे मोठा पट्टा असा की पंक्चर झाली तर स्वतःच काढावी लागते. ज्यांना फारच जायचंय त्यांनी गाडी मागं असलेल्या ग्रुपबरोबरच जावं. आणि गगनबावड्याला गेलात तर करूळ घाट उतरायचा मोह आवरा, तो कोकणात उतरतो, म्हणजे परत यायला तो सगळा चढायचा.

ग्रुपमधे जायच्या आधी फोनवर दोनच गोष्टी विचारा. ॲव्हरेज किती ठेवता, आणि सगळ्यात शेवटी कोण असतो. पहिल्याचं उत्तर अठरा-वीस आलं तर डोळे झाकून जा, पंचवीस आलं तर दोन महिने थांबा. दुसऱ्याचं उत्तर एखाद्या माणसाच्या नावानं आलं तर ग्रुप चांगला, कारण त्यांनी ते काम ठरवून कुणाला तरी दिलंय, तो शेवटच्या माणसाच्या मागंच राहतो, पंप आणि ट्यूब त्याच्याकडं असते. "बघतो की कुणीतरी" असं उत्तर आलं तर मी स्वतः जात नाही, बाकी ग्रुपची जर्सी कितीही भारी असू दे.

वेळेचं पण बघा. पन्हाळ्याला साडेपाचला निघालात तर नऊ-साडेनऊला घरी, येताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन. वाडीला पाचला निघून बारा वाजतात आणि मार्चनंतर ते बारा फार जड जातात. घरात लहान पोरं असतील तर पूर्ण रविवार सकाळ दर आठवड्याला मागणं बरोबर नाही, महिन्यात एक वाडी आणि बाकी पन्हाळा-कात्यायनी हा हिशोब घरच्यांनाही पटतो.

पावसाळ्यात मात्र हे सगळं बदलतं. पन्हाळ्याचा घाट जुलैत धुक्यात असतो, दहा फुटावरचं दिसत नाही, पुढचा-मागचा लाईट असल्याशिवाय जाऊच नका. आणि राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा 39 फुटाच्या इशारा पातळीकडं सरकायला लागली की पन्हाळा, वाडी दोन्ही विसरा, आंबेवाडीपाशी पन्हाळा रोडवर पाणी येतं, गगनबावडा रोड मांडुकलीला बंद होतो, आणि शिरोळ तालुक्यात तर वाडीचं देऊळच पाण्यात असतं. पाण्यातनं सायकल उचलून नेणारे दरवर्षी दिसतात, तसलं काही करू नका, खालचा रस्ता वाहून गेलाय का ते वरनं कळत नाही. त्या आठवड्यात कळंब्याची बाजू त्यातल्या त्यात बरी, पाऊस उघडला की तिकडंच फिरा, आणि पाणी ओसरल्यावर पण दोन-चार दिवस थांबा, रस्त्यावर गाळ राहिलेला असतो.