गेममध्ये अचानक बंद पडणारा पीसी: पॉवर सप्लाय बदलल्यानंतरचे आठ महिने

ऑगस्टमध्ये ७५० वॉटचा नवा पॉवर सप्लाय (पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) बसवला, आता मार्च संपत आलाय. दुरुस्ती खरंच टिकते का हे पाहायचं होतं, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. या आठ महिन्यांत गेम खेळताना पीसी एकदाही बंद पडला नाही. त्याआधीचे सहा महिने मात्र फार मनस्तापाचे गेले.

माझं मशीन असं: रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, १६ जीबी डीडीआर४ रॅम, आणि जुन्या जीटीएक्स १६५० च्या जागी दिवाळीत घेतलेलं सेकंडहँड आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड. पॉवर सप्लाय तेवढा पहिल्या दिवसापासूनचा, ५५० वॉटचा. कार्ड बदलताना दुकानदाराने बिलाच्या मागे बेरीज करून दाखवली: कार्ड २२० वॉट, प्रोसेसर ७६, पंखे-डिस्क वगैरे ५०. म्हणजे साडेतीनशे. "साडेपाचशे आरामात पुरतात, ताई." आकडे बरोबर होते, म्हणून पुढे कितीतरी दिवस माझं त्या डब्याकडे लक्षच गेलं नाही. या कार्डासाठी त्याची चिप बनवणारी एनव्हिडिया स्वतः ६५० वॉट सुचवते, हे नंतर वाचलं.

फेब्रुवारीत पहिल्यांदा झालं. सायबरपंक २०७७ चा मेन्यू संपून शहर उघडत होतं, तेवढ्यात कॅबिनेटमधून 'टक्' असा बारीक आवाज आला आणि सगळं काळं. पंखे थांबले, कीबोर्डचा दिवा गेला. निळी स्क्रीन नाही, कुठला एरर नाही. बटण दाबलं तरी चालू होईना. मागचं स्विच बंद केलं, दहा-पंधरा सेकंद थांबले, परत चालू केलं, तेव्हा सुरू झाला. हे मागचं स्विच बंद करावं लागणं हाच सगळ्यात मोठा पुरावा होता. पॉवर सप्लायचं आतलं संरक्षण एकदा ट्रिप झालं की बऱ्याचदा मागून वीज तोडल्याशिवाय सुटत नाही. तेव्हा मला हे माहीत नव्हतं.

मग आला मे. नागपूरचा मे काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. नवतप्यात (मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) तर रोज एकदा तरी पीसी बंद पडायचा, आणि घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "तापतंय गं." मलाही पटलं. कॅबिनेटचा साइड पॅनेल काढून ठेवला, प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदलली, दोन पंखे जास्तीचे लावले. खोलीतल्या कूलरची हवा कॅबिनेटवर सोडायचा सल्लाही मिळाला. तो मी ऐकला नाही, आणि कुणी ऐकूही नये. ती ओली हवा असते. शेवटी एचडब्ल्यूइन्फो (तापमान वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून दर सेकंदाची नोंद फाइलमध्ये ठेवायला सुरुवात केली. बंद पडण्याआधीच्या शेवटच्या ओळीत प्रोसेसर ७१ अंश, कार्ड ७४. हे कार्ड ९३ च्या आसपास स्वतःला आवरतं. म्हणजे प्रोसेसर किंवा कार्ड तापून हे होत नव्हतं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, दर वेळी एकच नोंद: कर्नल-पॉवर ४१. नावात 'पॉवर' असलं तरी तेवढ्यावरून पॉवर सप्लायला दोष देता येत नाही. मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं, एवढंच ती नोंद सांगते. पण तिच्या तपशिलात बगचेक कोड (निळ्या स्क्रीनच्या एररचा क्रमांक) शून्य होता. म्हणजे विंडोजला एरर नोंदवायलाही वेळ मिळाला नव्हता. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बिघडला तर बहुधा गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसतो किंवा निळी स्क्रीन येते. रॅमचंही साधारण तसंच. सगळी वीजच गेल्यासारखं झालं तर संशय आधी विजेच्या वाटेवर घ्यायला हवा. मी क्रम उलटा धरला, आणि जून त्यातच गेला. सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या सॉफ्टवेअरने ड्रायव्हर पुसून नवा टाकला. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं, एकही चूक नाही. बायोसमध्ये रॅमचा वेग ३२०० वरून २१३३ वर आणला. काही फरक पडला नाही.

सगळ्यात जास्त फसवलं ते फरमार्क या कार्डाच्या चाचणीने. अर्धा तास कार्ड पूर्ण भारावर, आणि पीसी ठणठणीत. मला वाटलं, एवढं झेलतोय म्हणजे पॉवर सप्लाय धडधाकट आहे. पण ती चाचणी कार्डाला एकसारखं ताणते, आणि गेम तसं करत नाही. मेन्यूतून शहरात, बोगद्यातून उजेडात जाताना भार एकदम उसळतो. कार्ड सरासरी २२० वॉट घेत असलं तरी काही मिलिसेकंदांपुरतं ते त्याच्या कितीतरी वर जातं. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात अशा उसळ्यांचा विचार आहे: १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भारही पॉवर सप्लायने सोसायला हवा. माझा जुना डबा त्याआधीचा, त्यात काही वर्षं वापरलेला. दुकानातल्या बेरजेत सरासरी होती, उसळी नव्हती.

उत्तर मिळालं ते एका फुकटच्या चाचणीत. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे वीज घेण्याची मर्यादा, ७० टक्क्यांवर आणली. गेममध्ये सेकंदाला ८० फ्रेम मिळायच्या तिथे साधारण ७० मिळायला लागल्या, आणि पीसी सलग सहा दिवस बंद पडला नाही. सातव्या दिवशी परत १०० केली, वीस मिनिटांत 'टक्'. तुमचंही असंच होत असेल तर एक रुपयाही खर्च करण्याआधी हे करून बघा, ही माझी मनापासूनची विनंती आहे.

मग पॅनेल उघडून टॉर्च धरला. कार्डाला आठ-आठ पिनांचे दोन सॉकेट, आणि दुकानात दोन्हींना एकाच वायरची दोन तोंडं जोडलेली. आठ पिनांच्या एका जोडणीची मर्यादा १५० वॉट धरलेली आहे. इथे एकच वायर दोघींचं काम करत होती. एका तोंडाची खिटी नीट बसलेलीच नव्हती, बोट लावलं तर हलत होतं. दोन वेगळ्या वायरी लावल्यावर बंद पडणं दिवसाआड झालं. थांबलं नाही.

मावसभाऊ त्याचा ७५० वॉटचा पॉवर सप्लाय शनिवार-रविवार वापरायला घेऊन आला. "वायरी माझ्याच राहू देऊ का दादा, परत गुंफायला नको," असं मी विचारलं, तर त्याने हातच धरला. मॉड्युलर, म्हणजे पॉवर सप्लायपासून सुट्या होणाऱ्या, वायरी मदरबोर्डच्या बाजूला सारख्या दिसतात, पण पॉवर सप्लायच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी असते. चुकीची वायर लावली तर डिस्क, मदरबोर्ड काहीही जळू शकतं. ज्याचा डबा त्याच्याच वायरी. दोन दिवस आम्ही आलटूनपालटून खेळलो, पॉवर लिमिट १०० वर. एकदाही बंद पडला नाही.

नवा घेताना मी चार गोष्टी पाहिल्या: ७५० वॉट, ८० प्लस गोल्ड, एटीएक्स ३.०, आणि लांब मुदतीची वॉरंटी. यातलं गोल्ड म्हणजे वीज कमी वाया जाते एवढंच. उसळी झेलण्याशी त्याचा थेट संबंध नाही.

आठ महिन्यांनंतर काय? गेममध्ये शांतता आहे. साध्या कामात पॉवर सप्लायचा पंखा फिरतच नाही, रात्री हे फार जाणवतं. पूर्वी लाइन गेली की इन्व्हर्टर येईपर्यंत पीसी रीस्टार्ट व्हायचा, आता तोही तग धरतो. अर्थात इन्व्हर्टरच्या मागचं स्विचही मी त्याच काळात यूपीएस मोडवर (यात लाइन गेल्यावर इन्व्हर्टर लवकर येतो) केलं, त्यामुळे श्रेय कुणाचं ते सांगता येणार नाही. तक्रार एकच: चोवीस पिनांची वायर फार ताठ आहे, लहान कॅबिनेटमध्ये वळवताना बोटं दुखली. ऑक्टोबरमध्ये एक गेम दोनदा बंद होऊन डेस्कटॉपवर आला होता. ते ड्रायव्हरच्या नव्या आवृत्तीमुळे, मागची टाकल्यावर थांबलं.

अजून एक, जे बंद पडण्याशी निगडित नव्हतं पण महत्त्वाचं आहे. अनवाणी पायांनी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. आमच्या इलेक्ट्रिशियन काकांनी मल्टिमीटर लावला, तर त्या सॉकेटला अर्थिंगच पोचत नव्हतं. भिंतीतल्या बोर्डात हिरवी वायर सुटलेली होती. ती जोडल्यावर झिणझिण्या गेल्या. ज्यांना असं जाणवतं त्यांनी आजच तपासून घ्या.

नवतपा अजून यायचाय. हा पॉवर सप्लाय ऑगस्टमध्ये आला, त्यामुळे खरा उन्हाळा त्याने पाहिलेला नाही. जूनमध्ये इथेच भर घालीन.